बाराव्या नंबरची बाजू

आमच्या परभणीबद्दल दोन म्हणी आहेत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आम्ही स्वतःबद्दल म्हणतो. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही बाकीचे आमच्याबद्दल म्हणतात. पहिल्या म्हणीत आम्ही थेट जगाच्या पहिल्या रांगेत, दुसरीत कुठंच काही जमलं नाही तर उरणारी जागा. 'बरं चाललंय, टिकून आहोत' असं सांगणारी तिसरी म्हण आमच्याकडे नाही. ती नसणं हा मला नुसता भाषेचा प्रश्न वाटत नाही. मधल्या जागेला नाव नसलं की तिला किंमतही राहत नाही, आणि किंमत नसलेली गोष्ट मोडायला कुणाचा हात अडखळत नाही. हे मला कळलं ते फुटबॉल बघताना.

मी क्रिस्टल पॅलेस या लंडनच्या क्लबचे सामने बघतो. वसमत रोडवर राहणाऱ्या माणसाचा दक्षिण लंडनशी काय संबंध, असं विचारणारे भेटतातच. पण त्यांचा खरा आक्षेप वेगळा असतो. लिव्हरपूल, आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड यांच्यापैकी कुणी असतं तर ते समजून घेतात. पॅलेस का? हा क्लब २०१३ साली प्रीमियर लीगमध्ये परत आला आणि तेव्हापासून २०२४-२५ पर्यंतच्या बारा हंगामांत तो कधी दहाव्याच्या वर गेला नाही की पंधराव्याच्या खाली उतरला नाही. अकरावा, दहावा, पंधरावा, चौदावा, पुन्हा अकरावा, बारावा. माझा भाचा एकदा म्हणाला, "मामा, तुम्ही उगं मधातल्या लोकांच्या मागं लागलात." त्यानं ते प्रेमानंच म्हटलं होतं. बाकीचे तेच जरा तुच्छतेनं म्हणतात.

म्हणून २०२४-२५ चा हंगाम आधी नीट सांगतो.

हंगामाआधीच मायकल ओलिसे हा संघातला सगळ्यात गुणी पोरगा बायर्न म्युनिकनं नेला. बचावातला आंद्रसन फुलहॅमला गेला. मधल्या क्लबांचं हे नेहमीचंच आहे. मोठ्यांच्या शेतात लावायची रोपं यांनी वाढवायची. पहिल्या आठ सामन्यांत एकही विजय नाही. तीन बरोबरी, पाच पराभव, एकूण गुण तीन. प्रशिक्षक ऑलिव्हर ग्लासनर यांना आता काढणार, असं सगळे बोलू लागले. क्लबनं काढलं नाही. २७ ऑक्टोबरला टॉटनहॅमविरुद्ध मातेताच्या एका गोलवर पहिला विजय मिळाला, आणि मग हळूहळू गाडी रुळावर आली. शेवटचा हिशेब असा: १३ विजय, १४ बरोबरी, ११ पराभव. केलेले गोल ५१, खाल्लेले गोल ५१. गुण ५३, क्रमांक बारावा.

गणित शिकवणारा माणूस म्हणून मला तो ५१ वजा ५१ फार आवडला. बेरीज-वजाबाकी करून हातात शून्य येतं आणि वर्षभराची मेहनत त्यात दिसत नाही. पण त्या क्लबच्या प्रीमियर लीगमधल्या इतिहासात ५३ गुण हे सर्वाधिक होते. म्हणजे बारावा क्रमांक मिळालेलं हे वर्ष गुणांच्या हिशेबानं त्यांचं सर्वोत्तम वर्ष होतं.

आणि त्याच हंगामात १७ मे २०२५ रोजी, आपल्या घड्याळात रात्री नऊ वाजता, वेम्बलीवर एफए कपची अंतिम लढत सुरू झाली. समोर मँचेस्टर सिटी. चेंडू जवळपास सगळा वेळ सिटीकडे. सोळाव्या मिनिटाला एझेनं गोल केला, पुढं हेंडरसननं मार्मूशची पेनल्टी अडवली आणि १-० वर सामना संपला. १९०५ साली स्थापन झालेल्या क्लबला १२० वर्षांत मिळालेली ही पहिली मोठी ट्रॉफी. भाच्यानं तो सामना माझ्याबरोबर बघितला. चार तारखेला त्याची नीट झाली होती, निकाल जूनमध्ये लागायचा होता. सामना संपल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मामा, लीगमध्ये तर हे बारावेच ना?" हो, बारावेच. त्याच्या प्रश्नात चूक काही नव्हती. चूक त्या 'पण'मध्ये होती, आणि तो 'पण' त्याला आम्हीच शिकवला होता.

आता माझं म्हणणं. मधल्या जागी टिकून राहणं ही आपोआप घडणारी गोष्ट नाही. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हापासून एकदाही खाली न गेलेले क्लब फक्त सहा आहेत. लेस्टर २०१६ साली विजेता झाला, २०२३ मध्ये खाली गेला, वर आला आणि २०२५ मध्ये पुन्हा खाली गेला. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत वर आलेले तिन्हीच्या तिन्ही क्लब वर्षभरात परत गेले. जिथं दरवर्षी तिघांना बाहेरचा रस्ता दाखवतात, तिथं बारावा नंबर म्हणजे आळस नव्हे. दर आठवड्याला दिलेली ती परीक्षा असते.

कुणी म्हणेल, इंग्लंडात पैसा आहे, तिथं मधल्यांचंही पोट भरतं. भरतं, खरं आहे. २०२४-२५ मध्ये अगदी शेवटच्या क्रमांकाच्या साउथॅम्प्टनलाही लीगकडून दहा कोटी पौंडांहून जास्त मिळाले. पण ते असं का घडतं? तिथं देशातल्या प्रक्षेपणाच्या पैशातला निम्मा वाटा सगळ्यांना सारखा मिळतो, म्हणून. हा कुणाचा दानधर्म नाही. एकट्या विजेत्याला लीग खेळता येत नाही, समोर कुणीतरी लागतं, हे त्यांनी हिशेबात धरलंय. आणि पॅलेस काही श्रीमंतीत लोळत आलेला नाही. २०१० साली तो दिवाळखोरीच्या कारभारात होता, दहा गुण कापले गेले होते, आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी शेफील्ड वेनस्डेशी २-२ बरोबरी झाली म्हणून तो तिसऱ्या पायरीवर घसरायचा वाचला. तिथून वर येता आलं, कारण शिडी होती.

आता आपल्याकडे या.

महाराष्ट्रातही एक पॅलेस होता. त्याचं नाव मुंबई एफसी. २००७ साली स्थापना, कूपरेजवर सामने. २००९ पासून सात हंगाम खालिद जमील हे प्रशिक्षक. या सात वर्षांत क्लब एकदाही आय-लीग जिंकला नाही आणि एकदाही खाली गेला नाही. २०१५-१६ ला नऊ संघांत पाचवा, म्हणजे पट्टीनं मोजून मध्यावर. त्यानंतर जमील यांची साथ सुटली. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला आणि मग बंदच झाला. त्याच हंगामात जमील यांनी मिझोरमच्या आयझॉल एफसीला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. आज ते भारतीय संघाचे प्रशिक्षक आहेत. सात वर्षं मधल्या जागी टिकवणारा माणूस काय दर्जाचा होता, हे कळायला आपल्याला ट्रॉफी बघावी लागली.

आयझॉलची गोष्ट तर मुळातून ऐकण्यासारखी आहे. २०१५-१६ मध्ये ते नवांत आठवे आले. शेवटचा होता पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. पण हा क्लब थेट प्रवेश घेऊन आलेला, त्याला खाली न जाण्याचं संरक्षण होतं. म्हणून शेवटचा राहिला आणि आठव्याला खाली पाठवलं गेलं! पुढं गोव्याच्या क्लबांनी नव्या आराखड्याच्या निषेधात लीग सोडली, जागा रिकामी झाली, आयझॉलला परत बोलावलं आणि ते विजेते झाले. त्यांनी आयएसएलमध्ये जागा मागितली. मिळाली नाही.

कारण २०१४ साली सुरू झालेल्या आयएसएलला शिडीच नव्हती. आठ फ्रँचायझी, आत येण्याचं दार पैशानं उघडणारं आणि खाली जाण्याचं दारच नाही. आयएसएलनं काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. मैदानं सुधारली, खेळाडूंना बरे पगार मिळाले, प्रेक्षक टीव्हीसमोर बसले. २०२३ मध्ये पंजाब एफसी आणि २०२४ मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग हे आय-लीग जिंकून वरही आले. पण खालचं दार बंदच राहिलं. २०२४-२५ मध्ये मोहम्मडन तेरांत तेरावे आले आणि तिथंच राहिले. जिथं तेराव्याला धोका नाही तिथं सातव्याला अर्थ नाही. त्यानं कशासाठी धावायचं? आणि मालकानं कशासाठी पैसे घालायचे? एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीत पोहोचला होता. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि फ्रँचायझी हैदराबादला गेली. आधीची यादी आठवा: महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. एअर इंडिया आणि ओएनजीसी २०१३ मध्ये परवान्याच्या अटींवर लीगबाहेर. दोनदा विजेतेपदाच्या जवळ गेलेला पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. एका राज्यात पंधरा वर्षांत इतके क्लब मेले, त्यांतला एकही हरून हरून मेला असं म्हणता येत नाही. बहुतेक मधले होते किंवा मधल्यांपेक्षा बरे होते. ते मेले ते कंटाळ्यानं, त्यांच्या मालकांच्या आणि आपल्याही.

अशी बंद लीग इंग्लंडमध्येही आणायचा प्रयत्न झाला होता. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी सुपर लीग जाहीर केली. त्यात सहा इंग्लिश. त्या सहांचेच चाहते आपापल्या मैदानांबाहेर जमले, आणि दोन-तीन दिवसांत सगळे सहा माघारी फिरले. आपल्या संघाला कधीच खाली जावं लागणार नाही, अशी हमी त्या चाहत्यांना देऊ केली होती आणि त्यांनी ती नाकारली. आपल्याला तीच हमी दिली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्यात मीही होतो.

आणि म्हणूनच मला फक्त फुटबॉलच्या कारभाऱ्यांवर रागवून थांबता येत नाही. मी एका क्लासमध्ये शिकवतो. जून आला की परभणीच्या प्रत्येक चौकात फ्लेक्स लागतात, त्यांवर पहिल्या दहांचे फोटो. चाचणीच्या गुणांवर मुलांच्या तुकड्या पाडतात. वरच्या तुकडीला अनुभवी मास्तर, खालच्या तुकडीचे पालक आरडाओरडा करतात म्हणून तिच्याकडे थोडं लक्ष. मधल्या तुकडीला जो उरेल तो. त्या याद्या कित्येक वर्षं मीच केल्या आहेत. मधली पोरं तक्रार करत नाहीत, फी वेळेवर भरतात आणि त्यांच्याच फीवर पहिल्या दहांचे फ्लेक्स छापले जातात. ही आमची बंद लीग.

'मधल्यांचं कौतुक म्हणजे सुमारपणाचं कौतुक' हा शेवटचा आक्षेप. मला तो अजिबात मान्य नाही. सुमारपणा म्हणजे प्रयत्न थांबवणं. आठ सामने न जिंकता नवव्याला उतरणं, सगळ्यात चांगला खेळाडू विकून उरलेल्यांत संघ बांधणं, हे थांबणं नव्हे. मी मधल्यांना बक्षीस मागत नाही. त्यांना वर चढता यावं, खाली पडता यावं, आणि तोवर कुणी त्यांचं दुकान बंद करू नये, एवढंच मागतो. देशाच्या लीगला दोन्ही दारं हवीत, आणि त्या शिडीची सगळ्यात खालची पायरी जिल्ह्यात टेकलेली हवी. सेलू, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा इथल्या पोरांना वर्षभर सामने मिळतील अशी लीग नसेल, तर मुंबईतल्या लीगला कितीही दिवे लावा, ती अधांतरीच.

भाच्याचा निकाल १४ जूनला लागला. मधातला. तो काय करतोय ते त्याचं तो सांगेल, त्याच्यावर मी लेख लिहिणार नाही. मी माझ्यापुरतं एक केलं. नव्या वर्षाच्या तुकड्या पडल्या तेव्हा वरची तुकडी सोडून मधली मागितली. सहकाऱ्यानं विचारलं, "सर, तुमचं काही बिनसलं का?"

म्हटलं, नाही. यंदा अडतीस सामने नीट खेळायचेत.