कागद नाही? मग आजोबाचं नाव सांगा



चिखलीच्या बैठकीला यावेळी घाटावरचे आणि घाटाखालचे, दोन्हीकडचे लोक आले होते. विषय एकच, वनहक्काचे दावे. एका गावाची फाईल परत आलेली. वर शेरा : पुरावा अपुरा. त्या गावच्या म्हातारबाबांना सुनावणीत साहेबांनी विचारलं होतं, कागद काय आहे? बाबा म्हणाले, "कागद तं तुमच्याच हापिसात राह्यते साहेब. आमच्यापाशी जमीन हाय." सगळे हसले म्हणे. दावा मात्र परत आला.

त्यावरून बोलणं निघालं आणि कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या एका पोरानं माओरी लोकांची गोष्ट सांगितली. न्यूझीलंड नावाचा देश आहे, समुद्राच्या पार. तिथले मूळचे रहिवासी माओरी. त्यांच्याकडे गोरे येईपर्यंत लिहिणं नव्हतं. सगळं तोंडी. पूर्वज कोणत्या होडीतून आले, कुठं उतरले, कुणाच्या पोटी कोण, हे पिढ्यानपिढ्या पाठ. या वंशावळीला ते फाकापापा म्हणतात. आजही माओरी माणूस सभेत उठला की आधी आपला डोंगर सांगतो, मग नदी, मग होडी, आणि शेवटी स्वतःचं नाव. त्यांच्या भाषेत जमिनीला शब्द आहे फेनुआ. बाळाबरोबर पडणाऱ्या वारेलाही फेनुआच. आणि ती वार ते जमिनीत पुरतात. हे ऐकून मागं बसलेल्या बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. नाळ पुरली तो गाव आपला, हे त्यांना कुणी शिकवायला पाहिजे होय?

पुढची गोष्ट ऐकून तर कोरकू मंडळी चाटच पडली. माओरी सांगतात, ताने देवानं लाल मातीची पहिली बाई घडवली आणि तिच्या नाकात श्वास फुंकला. आपल्या सातपुड्यात कोरकू काय सांगतात? डोंगर ओसाड पाहून रावणानं महादेवाला गळ घातली, इथं माणसं वसव. महादेवानं कागभुसंड कावळ्याला लाल मातीचं वारूळ शोधायला धाडलं. बैतुलच्या डोंगरात ते सापडलं. महादेवानं बाप्या-बाईच्या मूर्ती केल्या, पण इंद्राचे घोडे येऊन तुडवून गेले. पुन्हा केल्या, पुन्हा तुडवल्या. मग महादेवानं आधी मातीचा कुत्रा केला, त्यात जीव घातला. कुत्र्यानं घोडे हाकलले, तेव्हा कुठं मुला आणि मुलई उभे राहिले. आम्हाला या गोष्टीत कुत्रा सगळ्यात आवडतो. माणूस घडवण्याआधी राखणदार लागला.

गंमत अशी की हीच गोष्ट १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांच्या पुस्तकात छापली गेली. आजीनं सांगितली तर ती भाकडकथा, साहेबानं लिहिली तर ती माहिती.

आता मुद्द्याचं. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. त्यातला नियम १३ गावात वाचून घ्या, समितीच्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावा. पुराव्याच्या यादीत सरकारी नोंदी, दंडाच्या पावत्या आहेतच. पण त्याच यादीत जुन्या विहिरी आहेत, स्मशानं आहेत, देवाच्या जागा आहेत. वंशावळ आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं, लिहून घेतलेलं निवेदनही आहे. एकापेक्षा जास्त पुरावे जोडा असं नियम म्हणतो, पण ते सगळे सरकारी कागदच असले पाहिजेत असं म्हणत नाही. म्हणजे म्हातारबाबा सुनावणीत जे बोलले त्यात चूक नव्हती. चूक आपली, संघटनेची. बाबांना आपण नुसतं उभं केलं. त्यांचं बोलणं आधी लिहून, अंगठा घेऊन, फाईलला लावलं नाही.

काही तरुण म्हणतात, देव, वारूळ, कावळा असलं सुनावणीत काढू नका, हसतील. त्यांचं अर्धं बरोबर आहे. मुला-मुलईच्या गोष्टीनं अमक्या गटाचा तमका तुकडा सिद्ध होत नाही, आणि तसा आव आणूही नये. पण मुठवा देवाचे दगड कुठं आहेत, मेलेल्यांच्या नावानं चंद्र-सूर्य कोरलेले सागाचे मुंडे कोणत्या झाडाखाली उभे आहेत, त्यातला कोणता कुणाच्या पणजोबाचा, हे सांगता येतं आणि जाऊन दाखवताही येतं. ओरिसात २०१३ साली सुप्रीम कोर्टानं नियमगिरीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. डोंगरिया कोंध लोकांनी आपला देव नियमराजा आणि त्याचा डोंगर सांगितला. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं.

माओरींची गोष्ट मात्र नुसती गोड नाही, आणि ती अर्धी सांगू नये. १८४० साली वैतांगी इथं इंग्रजांशी करार झाला. इंग्रजी कागदात एक, माओरी कागदात दुसरंच. बहुतेक सरदारांनी सह्या केल्या त्या माओरी कागदावर, अंमल चालला इंग्रजी कागदाचा. पुढं १८६५ साली त्यांच्यासाठी जमिनीचं कोर्ट काढलं. त्यात म्हाताऱ्यांची वंशावळ ऐकून घेतली, लिहून घेतली. पण पट्टा द्यायची वेळ आली तेव्हा साऱ्या कुळाच्या जमिनीवर बहुतेक दहा जणांचीच नावं चढवली. मग कर्ज, कोर्टाच्या खेपा, वकील, आणि जमीन विकली गेली. एका कुळानं एक पूर्वज सांगितला, शेजारच्या कुळानं दुसरा, आणि भांडण कोर्टात गेलं. ती जमीन परत मागायला १९७५ साली माओरी थेट संसदेपर्यंत हजारेक किलोमीटर चालत गेले. पुढं होती फिना कूपर नावाची ७९ वर्षांची बाई. त्याच साली चौकशीसाठी न्यायाधिकरण झालं आणि १९८५ पासून त्याला पार १८४० पर्यंत मागं जाऊन पाहता येऊ लागलं. ते माओरींच्या सभाघरात जाऊन बसतं, म्हाताऱ्यांचं ऐकतं.

आपल्या कायद्यात वैयक्तिक पट्टा विकता येत नाही, एवढी कड चांगली आहे. तरीही आमचं स्पष्ट मत आहे की नुसत्या चार-चार एकरांच्या मागं लागून सामूहिक दावा मागं ठेवणारी गावं चूक करतात. मोहाची झाडं, चराई, नाला, मुंडे उभे असलेली जागा, यांपैकी काहीच एकाच्या नावावर येत नाही. आणि शिवेवरून शेजारच्या गावाशी वाद असेल तर तो आधी दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांना एका झाडाखाली बसवून मिटवा. साहेबापुढे नको.

लिहून घेताना साल विचारू नका, म्हातारं माणूस गोंधळतं. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, असं विचारा. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, तेव्हाचं काही आठवतं का विचारा. बायांना जरूर विचारा. कोणतं पोर कोणत्या वावरात जन्मलं, हे बाप विसरतो, आजी विसरत नाही. आणि सांगितलंय तेवढंच लिहा, वाढवू नका. एक खोटं नाव सापडलं तर दहा खरी नावं बुडतात.

बैठकीच्या शेवटी त्या म्हातारबाबांना विचारलं, बाबा, तुमच्या वरचे किती सांगता येतील? त्यांनी बोटं मोडत सात नावं सांगितली. आठव्याला अडले. म्हणाले, "ते माह्या मोठ्या बहिणीले ठाव हाय. तिकडं सातपुड्यात दिली हाय तिले." पुढच्या आठवड्यात आपले दोघे वही घेऊन तिच्याकडे जात आहेत.