मामूंचं 'अल्हम्दुलिल्लाह' आणि देशाची दिशा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून जळगावला आलो, तसा एक दिवस धुळ्याला मामूंकडे जाऊन आलो. मामूंचे यंत्रमाग आहेत. धंदा कसा चाललाय, विचारलं. "अल्हम्दुलिल्लाह, चल रहा है." थोड्या वेळानं विषय निघाला म्हणून विचारलं, देशाचं कसं वाटतं? "बरबाद कर दिया मुल्क को." नंतर कारखान्यात डोकावलो तर आठपैकी दोन माग जागेवर नव्हते. किलोवर भंगारात गेले, मामेभावानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जळगावात कॉलेजचा वर्गमित्र भेटला. यावल तालुक्यात त्याची केळी आणि कापूस. देश जोरात आहे म्हणाला, जगात चौथा नंबर! मग चहा संपेपर्यंत कापसाची रडकथा. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये होता, पण वेचणीवाल्या बायांची मजुरी द्यायची म्हणून त्यानं दारात आलेल्या व्यापाऱ्याला त्याहून बऱ्याच कमी भावात माल दिला होता.

मामूंचं घरचं बरं, देशाचं वाईट. मित्राचं देशाचं बरं, घरचं वाईट. मामूंचं पहिलं उत्तर शुक्र आहे, दुसरं मत आहे, म्हणजे मतपेटीतलं. मित्राचं 'देश जोरात' हेही तेच. गंमत अशी की केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि ती सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. बाहेरचा कापूस स्वस्त झाला की मित्राच्या भावावर दाब येतो, आणि सूत स्वस्त झालं तर मामूंना काम देणाऱ्या व्यापाऱ्याला थोडी उसंत मिळते. एकच निर्णय या दोघांना उलट्या दिशांना ओढत होता. त्यावर दोघांपैकी कोणी एक शब्द बोललं नाही.

लोकांना अर्थव्यवस्थेबद्दल काय वाटतं, हे रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी विचारते. १९ मोठ्या शहरांत, साधारण सहा हजार कुटुंबांना. वर्षभरापूर्वीच्या तुलनेत परिस्थिती कशी आहे, आणि वर्षभरानं कशी असेल? १०० म्हणजे काठावर. मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, सध्याच्या परिस्थितीचा निर्देशांक ४८.५ वर आला होता. मार्च २०२४ मध्ये तो ९८.५ होता, आणि पुढच्या वर्षाबद्दलचा १२५.२. आज बरं नाही पण पुढचं साल चांगलं जाईल, हे आपल्याकडे कपाशी पेरणारा दर जूनमध्ये म्हणतो.

माझं पोटापाण्याचं काम डेटाचं, म्हणून हा निर्देशांक कसा काढतात तेही पाहिलं. अर्थस्थिती, रोजगार, महागाई, उत्पन्न आणि खर्च या पाच उत्तरांची सरासरी. त्यात 'खर्च वाढला' हे उत्तर चांगल्या बाजूला मोजलं जातं. तेलाचा भाव वाढला म्हणून माझ्या अम्मीचा खर्च वाढला, तरी निर्देशांक वर सरकणार. महागाईच्या प्रश्नात तो खाली येतो, हे खरं. पण एकाच आकड्यात दोन्ही मिसळले की घरात काय चाललंय ते दिसत नाही. बँक जीवनावश्यक आणि इतर खर्च वेगळे छापते. ते तक्ते बघावेत, बातमी फक्त वरच्या आकड्याची होते.

त्या १९ शहरांत महाराष्ट्रातली दोन : मुंबई आणि नागपूर. आता ग्रामीण आणि निमशहरी भागाचं वेगळं सर्वेक्षणही निघतं. पण बँकेच्या वर्गीकरणात निमशहरी म्हणजे लाखाच्या आतलं गाव. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या वर, धुळे पावणेचार लाख. म्हणजे आपण नेमके मधल्या फटीत पडलो.

आपल्या समाजासाठी ही फट जास्त रुंद आहे. २००६ च्या सच्चर अहवालानुसार मुस्लिम कामकऱ्यांपैकी ६१ टक्के स्वयंरोजगारात होते. हिंदूंमध्ये हे प्रमाण ५५ टक्के. माग, गॅरेज, हातगाडी, शिलाई. पगाराची स्लिप नाही, पीएफ नाही. माझ्या आयटी क्षेत्रात टीसीएसनं १२ हजार लोक कमी करायचं ठरवलं तर देशभर बातमी होते. धुळ्यात माग विकला तर त्याची पावती असते फक्त भंगारवाल्याकडे, असलीच तर. त्याबद्दल सांगू शकतो तो माणूस स्वतः, आणि तो आधी शुक्र अदा करतो, मग सरकारला शिव्या घालतो. शुक्र अदा करू नका, असं मी म्हणत नाही. शिव्यांनाही कारणं आहेत. पण किती माग होते, किती राहिले, कारागिराला मीटरमागे काय मिळतं, हे आपण स्वतः लिहून ठेवलं नाही तर आमदारासमोर मांडायला हातात 'बरबाद' एवढाच शब्द उरतो. मीसुद्धा व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं तेवढंच लिहीत आलो.

त्या दिवशी निघताना स्वयंपाकघरात मुमानीला सलाम करायला गेलो. तिला देशाचं काही विचारलं नाही. तेल कसं आणता, एवढंच विचारलं. पूर्वी पंधरा किलोचा डबा यायचा, आता पिशवी येते. भिशी दोन महिन्यांपासून बंद. नातीची फी जूनची राहिलीय. मी म्हटलं, दोन माग गेले ना, म्हणून असेल. ती पोळी उलटत म्हणाली, "और दो का सौदा चल रहा है. मामू ने बोले नहीं तेरे को?"