उडदामाजी काळे-गोरे : दोन लेन्स आणि आपला वेळ

दोन लेन्स आहेत. दोन्हींची फोकल लेंथ ४० मिमी. दोन्हींचं सगळ्यात मोठं ॲपर्चर एफ/२. दोन्हींत काचेचे सहा तुकडे चार गटांत बसवलेले. दोन्ही ८० सेंटिमीटरपेक्षा जवळचं फोकस करत नाहीत. वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, आकार शर्टाच्या खिशात मावेल एवढा. एकीवर लिहिलंय ‘सुमिक्रॉन-सी’, दुसरीवर ‘एम-रॉकोर’. एक लायकावाल्या लाइट्झ कंपनीची, दुसरी मिनोल्टाची. आणि यांतली कुठली घ्यावी या प्रश्नावर चांगली शिकलेली, कमावती माणसं दोन-दोन महिने घालवतात.

माझं म्हणणं असं की हा निर्णय दहा मिनिटांचा आहे. अकराव्या मिनिटापासून जे चालतं त्याचा फोटोग्राफीशी संबंध नाही. ती टाळाटाळ आहे, आणि तिला ‘रिसर्च’ असं भारदस्त नाव दिलं की आपलं आपल्यालाच बरं वाटतं.

ज्यांनी रेंजफाइंडर कॅमेरा हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या कॅमेऱ्यात तुम्ही लेन्समधून बघत नाही. शेजारच्या छोट्या खिडकीतून बघता. मध्यभागी एक फिकट दुहेरी प्रतिमा दिसते. लेन्सची रिंग फिरवून त्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणल्या की फोकस झालं. लेन्सच्या मागचा एक कड, म्हणजे कॅम, कॅमेऱ्यातली दांडी ढकलतो आणि त्यावरून अंतर जुळतं. लेन्स मोठी असली तर ती खिडकीसमोर येते आणि फ्रेमचा कोपरा झाकते. म्हणून इथे छोट्या लेन्सची मातब्बरी. ती नुसती मिरवायची गोष्ट नाही.

आता या दोघींची जन्मकथा. लाइट्झ आणि मिनोल्टा यांनी १९७२मध्ये हातमिळवणी केली आणि १९७३मध्ये ‘लायका सीएल’ हा छोटा, तुलनेनं स्वस्त कॅमेरा आला. नाव लायकाचं, पण बनायचा जपानमध्ये, मिनोल्टाच्या कारखान्यात. जपानी बाजारात तोच कॅमेरा ‘लाइट्झ मिनोल्टा सीएल’ म्हणून विकला गेला. पहिल्यासोबत सुमिक्रॉन-सी, दुसऱ्यासोबत एम-रॉकोर. म्हणजे एकाच भागीदारीतून आलेली ही सख्खी भावंडं. पुढे लाइट्झनं सीएल बंद केला. मिनोल्टानं मात्र १९८०च्या सुमारास ‘सीएलई’ हा स्वतःचा, जास्त आधुनिक कॅमेरा काढला आणि त्याच्यासाठी ४० मिमीची रॉकोर सुधारून पुन्हा आणली. आज सेकंडहँड बाजारात लोकांची जी घालमेल चालते ती मुख्यतः सुमिक्रॉन-सी आणि ही सीएलईवाली रॉकोर यांच्यात.

दोघींत खरे फरक तीन.

पहिला कोटिंगचा. सुमिक्रॉन-सीवर साधं, एका थराचं कोटिंग आहे. सीएलईच्या रॉकोरवर अनेक थरांचं. सूर्य किंवा दिवा समोर ठेवून फोटो काढलात तर हा फरक दिसू शकतो. साध्या कोटिंगच्या लेन्समध्ये काळ्या भागावर पांढुरकी झाक लवकर येते.

दुसरा त्या कॅमचा. सुमिक्रॉन-सीचा कॅम तिरका कापलेला आहे, कारण ती सीएलसाठीच बनवलेली होती. मोठ्या ‘एम’ कॅमेऱ्यांवर ती वापरू नये, फोकसची खात्री नाही, असं खुद्द लाइट्झचं म्हणणं होतं. बरेच लोक वापरतात आणि त्यांचं चालून जातं. सीएलईच्या रॉकोरचा कॅम नेहमीच्या एम लेन्ससारखा आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

तिसरा फिल्टरचा. सुमिक्रॉन-सीला ‘सीरीज ५.५’ नावाचे जुने, बिनआट्यांचे फिल्टर लागतात. ते शोधत बसावं लागतं. रॉकोरला ४०.५ मिमीचा साधा आट्यांचा फिल्टर बसतो.

संपलं. एम बॉडी असेल किंवा उजेडाच्या दिशेनं फोटो काढायची खोड असेल, तर सीएलईची रॉकोर घ्या. सीएल असेल, तर जी स्वच्छ आणि जवळ मिळेल ती घ्या. एवढं वाचायला दहा मिनिटंही लागली नसतील.

मग दोन महिने कशात जातात?

इथे माझ्या धंद्याबद्दल बोलायला हवं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. खरेदीच्या साइटवर दोन वस्तू शेजारीशेजारी ठेवून तुलना करायची सोय असते ना, तसले तक्ते आमच्यासारखे लोक बनवतात. त्यात पुष्कळदा एक चौकोन असतो : ‘फक्त फरक दाखवा’. त्यावर टिक केली की सारख्या असलेल्या सगळ्या ओळी गायब होतात आणि फरकाच्या तीन ओळी उरतात. पूर्ण स्क्रीनभर. चाळीस ओळींतल्या सदतीस सारख्या होत्या हे डोळ्यांना आता दिसतच नाही. दोन जुळी भावंडं अचानक दोन वेगळ्या घराण्यांतली वाटू लागतात. सोय म्हणून हे उत्तम आहे. पण जग बघायची सवय म्हणून भयंकर आहे. कारण आपण आता प्रत्येकच गोष्टीवर ती टिक करून बसलो आहोत.

आणि गंमत बघा, महत्त्वाच्या ओळी नेमक्या त्या गायब झालेल्यांमध्ये असतात.

उदाहरणार्थ : लायकाच्या एम कॅमेऱ्यांच्या खिडकीत ४० मिमीची चौकटच नाही. यांतली कुठलीही लेन्स लावा, खिडकीत ५० मिमीची चौकट उमटते. म्हणजे तुम्हाला दिसतं त्यापेक्षा फोटोत जास्त येतं. काहीजण लेन्सच्या मागचा धातूचा कंगोरा कानस लावून घासतात, म्हणजे ३५ मिमीची चौकट येते. मग उलटं होतं, दिसतं त्यापेक्षा फोटोत कमी येतं. ४०ची चौकट हवी तर सीएल, सीएलई किंवा फोख्टलेंडरचा बेसा आर३ए असले कॅमेरे बघावे लागतात. तुमच्या प्रत्येक फोटोवर परिणाम करणारी ही बाब आहे. पण दोन्ही लेन्सना ती सारखीच लागू, म्हणून तुलनेत तिचं नावही निघत नाही.

दुसरं उदाहरण फोकसचं. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांत जितकं अंतर जास्त, तितका फोकस नेमका. सीएलमध्ये ते सुमारे ३१ मिमी आहे, एम बॉडीत सुमारे ६९ मिमी. शिवाय सीएलच्या खिडकीत सगळं दिसतंही जास्त लहान. एफ/२ला जवळच्या माणसाचा डोळा धारदार येणार की कान, हे या अंतरावर ठरतं. लेन्सवर कुणाचं नाव कोरलंय यावर नाही.

आता ‘लायका ग्लो’कडे येऊ. सुमिक्रॉनच्या फोटोत एक आभा असते, जपानी लेन्स ‘थंड’ असते, असं सांगणारे लोक भेटतात. मला त्यांच्याकडून एवढंच हवंय : दोन्ही लेन्सनं एकाच रोलवर, एकाच उजेडात काढलेले दहा-दहा फोटो, नावं झाकून, पत्ते पिसल्यासारखे पिसून समोर ठेवा आणि वेगळे करून दाखवा. सूर्य समोर असलेले फोटो वगळून. तिथे कोटिंगचा फरक खरा आहे, तो मी आधीच मान्य केलाय. उरलेल्यांत आभा शोधून दाखवली तर मी माझे शब्द मागे घेईन.

जर्मन काच म्हणजे काहीतरी दैवी, ही समजूत तर पंचाहत्तर वर्षांपूर्वीच मोडली होती. १९५०मध्ये ‘लाइफ’ मासिकाचा फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जुन मिकी या जपानी फोटोग्राफरनं निक्कोर लेन्सनं काढलेला फोटो त्यानं पाहिला आणि तो थक्क झाला. डंकननं त्या लेन्स आपल्या लायकावर चढवल्या आणि कोरियाचं युद्ध त्यांनी टिपलं. त्याला परीक्षणं वाचायला वेळ नव्हता, समोर युद्ध होतं. पुढे लायकानंच १९७६मध्ये काढलेला ‘आर३’ हा कॅमेरा मिनोल्टाच्या ‘एक्सई’वर बेतलेला होता. म्हणजे खुद्द लायकाला मिनोल्टा चालत होती. चालत नाही ती आपल्याला.

थोडा हिशेब करू. बहुतेकांचे फोटो शेवटी फोनवरच बघितले जातात. १०८० पिक्सेल रुंदीचा आडवा फोटो धरा. फिल्मची फ्रेम ३६ मिमी रुंद. म्हणजे फिल्मच्या एका मिलिमीटरला ३० पिक्सेल वाट्याला आले. एक काळी आणि एक पांढरी रेघ वेगळी दिसायला दोन पिक्सेल लागतात, म्हणजे मिलिमीटरला फार तर १५ जोड्या. एफ/५.६ला या दोन्ही लेन्स याच्या कितीतरी पुढे जातात. लेन्सनं टिपलेला बहुतेक तपशील फोनच्या स्क्रीनवर पोचायच्या आधीच गळून जातो, आणि आपण त्या गळलेल्या भागात कोण सरस यावर वाद घालतो.

वर आणखी एक. या लेन्स आता चाळीस-पन्नास वर्षांच्या आहेत. कुणी पाडल्या असतील, कुणी उघडून परत जोडल्या असतील. लेन्स भाड्यानं देणाऱ्या ‘लेन्सरेंटल्स’चे रॉजर सिकाला यांनी यंत्रावर मोजून वारंवार दाखवलंय की नव्याकोऱ्या लेन्समध्येही एकाच मॉडेलचे दोन नग हुबेहूब सारखे नसतात. मग अर्धशतक जुन्या नगांचं काय? ‘सुमिक्रॉन की रॉकोर’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘ही सुमिक्रॉन की ही रॉकोर’ असं विचारावं लागतं. आणि त्याचं उत्तर इंटरनेटवर नसतं. त्या लेन्सच्या आत असतं.

तिथे मात्र वेळ घालवा. फोनचा टॉर्च लावा आणि लेन्सच्या मागून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास गाठते. धूसर थर दिसला तर तो निघेल का हे दुरुस्ती करणाऱ्याला विचारा. ॲपर्चरची पाती तेलकट नाहीत ना बघा. फोकसची रिंग अडखळते का, आतलं काही हलतं का, बघा. स्वच्छ रॉकोर ही बुरशी लागलेल्या सुमिक्रॉनपेक्षा चांगली, आणि स्वच्छ सुमिक्रॉन ही धूसर रॉकोरपेक्षा. यापलीकडे क्रमवारी नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. लोक म्हणतात, अरे, आम्हाला या वस्तूंचं प्रेम आहे. पितळ, काच, कोरलेली अक्षरं, त्यांचा इतिहास. त्यात आनंद आहे, तुझं काय जातं?

काहीच जात नाही. घड्याळं जमवतात, तिकिटं जमवतात, तशा लेन्सही जमवाव्यात. सुमिक्रॉन आवडते म्हणून घेतली असं सांगणाऱ्याशी माझं भांडणच नाही. त्यानं कारण खरं सांगितलं. माझं भांडण आहे ते ‘योग्य लेन्स मिळाली की मग सुरू करू’ या वाक्याशी. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण निदान नाचून झाल्यावरची आहे. इथे तर अंगण सरळ होईपर्यंत नाचायलाच उतरायचं नाही, असा पण केलेला असतो.

आणि याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. ज्याच्या घरी आधीपासून कॅमेरे आहेत तो दोन्ही लेन्स घेतो, एक विकून टाकतो. पहिल्या-दुसऱ्या नोकरीतला, घरी पैसे पाठवणारा मुलगा किंवा मुलगी मात्र एकदाच घेणार असते. चूक परवडणार नाही म्हणून ती वाचत बसते. परीक्षणांखालच्या खरेदीच्या लिंकवर कमिशन मिळवणाऱ्यांना तिचं वाचत बसणंच हवं असतं. तिच्या मनात हळूहळू पक्कं होतं की फोटो काढायचा परवाना हा कुठल्यातरी एका नावाच्या काचेतून मिळतो. या सगळ्यात मला खरा राग याचाच येतो.

दरम्यान बाहेर जे टिपायचं ते थांबत नाही. पुण्यात जुने वाडे पडतायत, त्यांच्या जागी पार्किंगचे मजले येतायत. घरातली म्हातारी माणसं आणखी म्हातारी होतायत. त्यातलं काहीही एफ/२च्या कोपऱ्यातल्या धारेसाठी ताटकळत बसणार नाही. फोटोत नाही आलं तर नाही आलं.

तेव्हा टॉर्च मारा, स्वच्छ असेल ती उचला. दोघींच्या किमतीत फरक पडत असेल तर तेवढ्या पैशांचे रोल घ्या. पहिला रोल याच आठवड्यात संपवा. छत्तीस फोटोंतले तीस वाया जातील आणि त्या तिसांपैकी एकाचाही दोष लेन्सचा नसेल. आपलं नेमकं काय चुकतं, हे त्या तीस फोटोंतून कळायला लागेल. कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात त्याची ओळ नसते.