पर्णगृहांतील शॅमेलिऑन

येमेनमधील शॅमेलिऑन सरडा वाटींतील स्थिर पाण्याकडे सहसा वळत नाहीं; पानांवरील थेंबच तो जिभेनें टिपतो. म्हणून अमेरिकेंत व युरोपांत तो पाळणारे लोक जाळीच्या उंच पिंजऱ्यांत जास्वंदीसारखीं निर्विष झाडें लावितात; कारण तो पानेंहि खातो. तळाशीं निचऱ्यासाठीं खड्यांचा थर, वर माती व पालापाचोळा, आणि त्यांत विष्ठा व कुजकीं पानें फस्त करणारे बारीक जीव. हेंच त्या पर्णगृहाचें आरोग्यखातें! निचरा चुकला कीं माती सडते. हवा कोंडली कीं सरडा श्वासविकारानें दगावूं शकतो.

हें वाचून कोणास मोह झाल्यास ध्यानांत असावें, कीं आपल्या रानांतील शॅमेलिऑनला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें अभय आहे. त्यास पिंजरा नको. कुंपणाची झाडी राखली तरी पुरे.