खोका, कथा आणि कागद : जुना लष्करी रेडिओ पारखताना

1/
कसबा पेठेला लागून बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पितळी कुलुपे, घड्याळे आणि कॅमेरे यांच्या पंक्तीत एखादा जड, हिरवट लोखंडी खोका दिसला, तर संग्राहकाची पावले थबकतात. अशा खोक्यासोबत बहुधा एक कथाही विकावयास असते. दुसऱ्या महायुद्धातला वायरलेस, मग रणगाड्यातला, मग ब्रह्मदेशच्या आघाडीवरचा, आणि ग्राहक तरीही हलला नाही, तर थेट बेचाळीसच्या भूमिगतांचा.

2/
पुण्यात असा संच सापडणे मुळीच अशक्य नाही. खडकी, देहूरोड, दक्षिण कमांड असा लष्करी शेजार या शहराला दीर्घकाळ आहे. युद्धानंतर शिल्लक माल जगभर विकला गेला; हौशी रेडिओचालकांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी तो घेतला, उघडला, बदलला. म्हणून ‘खरा की खोटा’ हा प्रश्नच अपुरा आहे. संच कोणत्या बाबतीत खरा आहे, हे विचारावयास हवे.

3/
‘वायरलेस सेट नंबर 19’ हे उत्तम उदाहरण. ब्रिटनमध्ये रचना झालेला हा रणगाड्यांसाठीचा संच 1941च्या सुमारास वापरात आला. कॅनडात तयार झालेल्या अनेक संचांच्या दर्शनी पट्टीवर इंग्रजीच्या जोडीने रशियन अक्षरे आढळतात. ती पाहून ‘सोव्हिएत रणगाड्यातून काढलेला’ असे सांगणे सोपे आहे. वस्तुतः रशियाला मदत म्हणून पाठवावयाच्या मालासाठी ही पट्टी छापली गेली. संच रशियात पोहोचला होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

4/
दर्शनी पट्टी सर्वांत शेवटी पाहावी. ती चार स्क्रूंनी बदलता येते, रंगवता येते. सरकारी मालकीचा बाण (कॅनडाच्या मालावर तो इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या पोटात असतो) कोणालाही ठोकता येतो. खरी साक्ष आतल्या चॅसीची. कंडेन्सरवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले आहे का? निरनिराळ्या भागांवरील तारखा एकमेकींच्या आसपास आहेत का? तारांवर रबर आणि सुती वेष्टण आहे, की चकचकीत प्लास्टिक? रंग स्क्रूच्या खाचेत साचला असेल, तर तो जोडणीनंतर मारलेला आहे. उष्ण, दमट आघाड्यांसाठीच्या अमेरिकन संचांत बुरशीरोधक रोगणाचा पिवळसर थर आणि ‘एमएफपी’ हा शिक्का सापडतो. ते रोगण सांदीकोपऱ्यांतही पोहोचलेले असते.

व्हॉल्व्हवरील ‘सीव्ही’ क्रमांक ब्रिटिश सैन्यदलांच्या सामाईक पद्धतीतले. ती पद्धत 1941मधली. मात्र 1942च्या संचात 1955चा व्हॉल्व्ह निघाला म्हणून संच बनावट ठरत नाही. व्हॉल्व्ह जळतात आणि बदलावे लागतात. अनेक संग्राहक अशा दुरुस्तीला डाग मानतात. हा दृष्टिकोन चुकीचा आहे. दुरुस्ती हा त्या यंत्राच्या आयुष्याचा पुरावा आहे. डाग आहे तो ताज्या रंगाचा, नव्या शिक्क्याचा आणि मुद्दाम चढवलेल्या गंजाचा.

5/
कसब्यातल्या तांबट आळीच्या शेजारात वाढलेल्यांना हे निराळे सांगावे लागू नये. वापराने झिजलेला हंडा कडेला, बुडाला आणि हात लागतो तिथे झिजतो. आम्लाने जुना केलेला हंडा सगळीकडे सारखाच काळवंडतो.

6/
आता भूमिगतांची कथा. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गुप्त काँग्रेस रेडिओ 27 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईतून बोलू लागले आणि 12 नोव्हेंबरच्या छाप्यात थांबले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी पुण्यातच, येरवड्याला भोगली. प्रक्षेपण 42.34 मीटरवर होत असे, म्हणजे सुमारे 7.1 मेगाहर्ट्झ. नंबर 19च्या नंतरच्या आवृत्त्यांचा पल्ला 2 ते 8 मेगाहर्ट्झ. ‘हा संच त्याच लहरीवर लागतो’ हे विधान म्हणूनच खरे आहे, आणि निरर्थकही. कारण तसा तर त्या आवृत्त्यांतला प्रत्येक संच लागतो. शिवाय काँग्रेस रेडिओचे यंत्र सैन्याचे नव्हते. खासगी तंत्रज्ञाने सुटे भाग जुळवून ते उभे केले होते. पोलिसांनी ते जप्त केले, त्यावर खटला चालला. अशा वस्तूचा माग लागायचा तर तो जप्तीच्या आणि न्यायालयाच्या कागदांतून लागेल.

कथेपोटी जास्त पैसे मोजणारा ग्राहक केवळ स्वतः फसत नाही. उद्या तो संच एखाद्या प्रदर्शनात ठेवला जातो, खाली पाटी लागते, पाटीचे छायाचित्र फिरते, आणि ज्यांनी खरोखर तुरुंगवास सोसला त्यांच्या नावाशी एक भलताच खोका कायमचा जोडला जातो.

7/
दोन व्यावहारिक बाबी. रेडिओ उपकरण बाळगण्यावर 1933च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याचे बंधन घातले. त्याच्या जागी आलेल्या 2023च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीची अट आहे. प्रक्षेपक घेण्याआधी ती तपासावी. आणि काही लष्करी तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग असतो. काच काढून तो खरवडू नये.

8/
विक्रेत्याकडे डेपोच्या लिलावाची पावती, जुना परवाना किंवा पूर्वीच्या मालकाचे पत्र असेल, तर ते खोक्याइतकेच मोलाचे समजून सोबत घ्यावे. काहीच नसेल, तर संचाचे पैसे द्यावेत, कथेचे देऊ नयेत. कथा वेगळ्या कागदावर, तारखेसह, ‘विक्रेत्याचे सांगणे’ या मथळ्याखाली लिहून खोक्यात ठेवावी.