पाहुण्या आल्या, पण आम्हाला कुणी विचारलं?

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावात अमेरिकेतल्या एका कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉल संघ येऊन गेला. कॉलेज चर्चशी जोडलेलं, आणि पत्रात लिहिलेलं ‘सदिच्छा दौरा’. तीन दिवस, दोन सामने असं ठरलं होतं. झाला एकच. दुसरा का झाला नाही यावर गावात भरपूर बोलून झालं आहे. एक बाजू म्हणते धर्मांतराचा डाव होता, दुसरी म्हणते पाहुण्यांचा अपमान झाला. दोन्हीकडे तावातावाने बोलणारे सगळे पुरुष, म्हणून हे लिहिते आहे.

आधी पाहुणचाराचं सांगते. हॉटेल नको, पाहुण्यांना घरगुती वातावरण मिळावं, असं यजमान संस्थेच्या बैठकीत ठरलं. त्या बैठकीत एकही बाई नव्हती. रात्री सहा घरांतल्या बायकांना कळलं की उद्यापासून दोन-दोन मुली आपल्याकडे आहेत. त्यातलं एक घर माझं. वीस वर्षं चळवळीत काढलेली मी, तीन दिवस पाणी उकळून गाळत होते, बिनतिखटाची वेगळी भाजी करत होते, आणि खोली पाहुण्यांना दिली म्हणून स्वयंपाकघरात अंथरूण टाकत होते. ‘अतिथी देवो भव’ म्हणताना देवाची भांडी कोण घासतं, हे कुणी विचारत नाही. ह्यांनी स्टेशनवर हार घातले आणि स्थानिक पेपरात ‘यजमान’ म्हणून त्यांचा फोटो आला. (हे त्यांना वाचून दाखवलं आहे. हसले.)

आता मैदानाकडे येऊ. आमच्या मुलींच्या संघाला कपडे बदलायला एक खोली आहे, पण दाराला कडी नव्हती. तीन वर्षं अर्ज चालू होते. एक मुलगी कपडे बदलायची आणि दुसरी दार धरून उभी राहायची. पाहुण्या येणार म्हटल्यावर दोन दिवसांत कडी लागली, आरसा लागला, मैदानावर दिवे लागले. पाहुण्या गेल्या आणि खोलीला कुलूप लागलं. किल्ली ऑफिसात. म्हणजे पैसे होते, सुतार होता, इच्छाही होती. फक्त आपल्या मुली पाहुण्या नव्हत्या.

पहिल्या सामन्याच्या मध्यंतरात पाहुण्या संघातली एक खेळाडू माईकवर आली आणि आपल्या आयुष्यात येशू कसा आला, हे तिने पाच मिनिटं सांगितलं. दुभाष्याने मराठीत सांगितलं. ही पद्धत जुनीच आहे. 1952 साली अमेरिकेच्या टेलर विद्यापीठाचे प्रशिक्षक डॉन ओडल तैवानला संघ घेऊन गेले, तेव्हाही मध्यंतरात साक्ष आणि गाणी होतीच. पण आमच्याकडे पत्रात याचा उल्लेख नव्हता, आणि तो नव्हता हे मला खटकलं. खेळ बघायला आलेल्या पोरी मध्येच उठून जाऊ शकत नाहीत. शिवाय पर्यटक व्हिसावर आलेल्यांना आपल्याकडे धर्मप्रचार करता येत नाही. त्याची झळ त्या मुलींना बसली असती आणि आपल्या मुलींनाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काही तरुण घोषणा देत आले. संस्थेने घाबरून सामना रद्द केला. संध्याकाळपर्यंत आमच्या संघातल्या दोन मुलींचं खेळणं त्यांच्या घरच्यांनी बंद केलं. ‘आमच्या मुली भोळ्या आहेत’ हे वाक्य मी त्या दिवशी किती वेळा ऐकलं! या भोळेपणाला कायद्याचाही आधार आहे. ओडिशाच्या 1967 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात जबरदस्तीने किंवा फसवून धर्मांतर केल्यास एक वर्षाची कैद होती, पण धर्मांतरित व्यक्ती अज्ञान मूल, बाई किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर दोन वर्षांची. म्हणजे प्रौढ बाई आणि लहान मूल एकाच रांगेत.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढलं, ते अमेरिकेतल्या मदतीवर. पुढे ते पुण्यात आलं, आणि 1893 मध्ये तिथे मुलींना ख्रिस्ती वळण लागतं आहे म्हणून रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. वाद मोठमोठ्या माणसांत झाला. ज्या बालविधवांचं शिक्षण त्यात तुटलं, त्यांना काय हवं होतं हे कुणी टिपून ठेवलं का? रमाबाईंवर टीका करायची तर जरूर करावी. पण त्या मुलींचं काय, हा प्रश्न तिथेच राहतो.

आमच्या मुलींना मात्र मी विचारलं. बारावीतली एक म्हणाली, “ताई, तिनं सांगितलं ते मी ऐकलं. मला काही पटलं नाही. पण ती उडी मारून बॉल कसा घेते, ते दुसऱ्या सामन्यात शिकायचं होतं.” दुसरी म्हणाली, “आम्हाला आधी सांगितलं असतं तर आम्हीच म्हटलं असतं, माईक नको, खेळा.”

तेवढं साधं होतं ते.

एक गोष्ट रात्री स्वयंपाकघरात कळली. माझ्याकडच्या दोघींपैकी एक ताटं पुसता पुसता म्हणाली की त्यांच्या कॉलेजात वागणुकीच्या नियमांवर सही करावी लागते. अमेरिकेत 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने मुलींना शिक्षणात आणि त्याबरोबर खेळात समान हक्क मिळाला. पण धर्मसंस्थांच्या ताब्यातल्या कॉलेजांना, कायदा त्यांच्या धर्मतत्त्वाच्या आड येत असेल तिथे सूट आहे. ती यावर बराच वेळ बोलली. तिच्याशी आमच्या मुलींची गाठ घालून द्यायला हवी होती. बास्केटबॉलचा जन्मच 1891 मध्ये वायएमसीएच्या शाळेत झालेला, आणि दोनच वर्षांनी स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींचा सामना घेतला तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत येऊ दिलं नव्हतं. खेळ, धर्म आणि बाईवरची नजर यांची गुंतवणूक इतकी जुनी. ती दोन्हीकडच्या मुलींनी एकमेकींशी बोलून उलगडली असती. त्याऐवजी त्यांना एकमेकींपासून लांब ठेवलं गेलं.

असे संघ येऊच नयेत, असं मी म्हणणार नाही. आमच्या गटात काहीजणींना तसं वाटतं; दौऱ्यामागचा हेतू सदिच्छेचा नसतोच, असं त्या म्हणतात. हेतू असेल. पण कुठल्या पाहुण्याला हेतू नसतो? बंदी घातली की निर्णय पुन्हा मंडळाकडे आणि घोषणावाल्यांकडे जातो. त्यापेक्षा येण्याआधी सगळं स्पष्ट लिहून घ्यावं: मैदानावर फक्त खेळ, श्रद्धेबद्दल बोलायचं तर वेगळ्या वेळी, जिला यायचं ती येईल, आणि अठराच्या आतल्या मुलींचे पत्ते कुणी घेणार नाही. ज्या घरात पाहुण्या उतरणार त्या घरातल्या बाईला आधी विचारावं, आणि तिने नाही म्हटलं तर ते नाहीच समजावं.

दुसऱ्या एका कॉलेजचं यंदा पत्र आलं आहे. यावेळी बैठक मैदानावर व्हावी आणि संघातल्या मुली तिथे असाव्यात असा अर्ज आम्ही दिला आहे. त्याच अर्जात कपडे बदलायच्या खोलीची किल्लीही मागितली आहे. आपल्यापैकी कुठल्या गटाने असा संघ उतरवून घेतला असेल, तर मध्यंतराचं काय केलंत ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.