खेळ बंद झाल्यावर उरते काय?

विकलेला व्हिडिओ गेम बंद करताना तो खेळण्याजोग्या अवस्थेत ठेवणे कंपन्यांना बंधनकारक करावे, या मागणीच्या युरोपीय नागरिक-याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला. निमित्त होते युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या खेळाचे. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर थांबले आणि पैसे मोजून घेतलेली डिस्क निरुपयोगी ठरली.

या वादात एक मुद्दा दुर्लक्षित राहिला आहे; तो म्हणजे खेळाच्या कुलूपबंद फायलींचा. ऑनलाइन खेळ दोन ठिकाणी विभागलेला असतो. चित्रे, नकाशे व आवाज खेळाडूच्या संगणकावर उतरतात. नियम आणि खेळाडूची प्रगती कंपनीच्या सर्व्हरवर राहते. संगणकावरचा भाग कंपनी आपल्या खास रचनेच्या फायलींत बांधून ठेवते. त्या उघडून त्यांतील सामग्री बदलणे, म्हणजेच ‘मॉडिंग’, अनेक कंपन्यांच्या करारांत निषिद्ध असते.

ही मनाई किती योग्य, हे ‘सिटी ऑफ हीरोज’च्या उदाहरणावरून तपासता येते. २००४ मध्ये सुरू झालेल्या या खेळाची सामग्री ‘पिग’ नावाच्या फायलींत होती. हौशी खेळाडूंनी त्यांची रचना उलगडली. बदललेले चित्र ठरावीक फोल्डरमध्ये ठेवले की मूळ फायलीला धक्का न लागता खेळ तेच दाखवी. त्यातून अधिक तपशीलवार नकाशे तयार झाले. एनसीसॉफ्टने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी खेळ बंद केल्यावर हेच ज्ञान कामी आले. ‘आयकॉन’ या साधनामुळे पात्रे घडवून ओस पडलेल्या शहरात फिरता येऊ लागले. २०१५ मधील ‘पॅरागॉन चॅट’मुळे खेळाडू तिथे पुन्हा भेटू लागले. लढाई मात्र नव्हती, कारण तिचे नियम सर्व्हरसोबत गेले होते. २०१९ मध्ये सर्व्हरचा कोड अनधिकृतपणे बाहेर आला, तेव्हाच खेळ पूर्णपणे परतला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने ‘होमकमिंग’ या स्वयंसेवी गटाला रीतसर परवाना दिला.

कंपन्यांची भीती निराधार नाही. भिंतीचे चित्र पारदर्शक करून लपलेला प्रतिस्पर्धी हेरणे, किंवा दुसऱ्याची कला उचलून विकणे, हेही याच कौशल्याने साधते. म्हणून कसोटी कृतीची नव्हे, हेतूची हवी. भारतीय प्रताधिकार कायदा त्या दिशेने जातो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. दुसरीकडे, कलम ५२ हे प्रोग्रॅमची वैध प्रत बाळगणाऱ्यास त्याच्या कार्याचा अभ्यास करण्याची मुभा देते. अर्थात, कायदा असा असला तरी करारभंगाचे कारण देऊन कंपनी खाते बंद करू शकते.

तथापि, फाईल उघडण्याची मुभा अर्धाच खेळ वाचवते. उरलेला अर्धा सर्व्हरवर असतो. चालू खेळातील फसवणुकीवर कठोर कारवाई व्हावी, बंद खेळ जतन करणाऱ्यांना संरक्षण मिळावे आणि सेवा थांबवताना सर्व्हरची पर्यायी सोय करणे विक्रेत्यावर बंधनकारक असावे. एनसीसॉफ्टने २०२४ मध्ये दिलेला परवाना २०१२ मध्येच दिला असता, तर खेळाडूंना चोरवाट शोधावी लागली नसती.